तुकडा कशासाठी काढायचा?

लहान मुलाच्या लिव्हरची बायॉप्सी करायची म्हटलं की आईबाप पहिल्यांदा विचारतात, धोका किती? त्यांनी विचारणं रास्तच आहे. पण वैद्यकातली पद्धतींची तुलनाही याच प्रश्नाभोवती घुटमळत राहते, ते मला खटकतं.

पद्धती मुख्यतः तीन. बरगड्यांमधून थेट यकृतात सुई घालणं ही जुनी आणि आजही सर्वांत जास्त चालणारी. 1958 साली मेंगिनी या डॉक्टरांनी सुई यकृतात जेमतेम सेकंदभरच राहील असं तंत्र मांडलं आणि ते जगभर रुळलं. आता जोडीला सोनोग्राफी असते. दुसरी वाट मानेतून. तिथल्या शिरेत कॅथेटर घालून तो हृदयाच्या उजव्या कप्प्यातून यकृताच्या शिरेत उतरवतात आणि तुकडा आतूनच घेतात. रक्त नीट गोठत नसेल, पोटात पाणी झालं असेल, तर ही वाट बरी. कारण रक्त वाहिलंच तर ते बहुतेक शिरेतच परत जातं. तिसरी शस्त्रक्रियेची, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून.

आता मानेतून बायॉप्सी झालेल्या मुलांत गुंतागुंत जास्त दिसली, तर दोष वाटेचा की मुलांचा? त्या वाटेला मुळात पाठवली जातात तीच अत्यवस्थ मुलं. धडधाकट मूल कोणी तिकडे नेत नाही. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटावीत, तर पोटात पाणी झालेल्या बाळाला नशिबावर सोडून बरगडीतून सुई घालायला कोण धजेल? त्यामुळे दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडून निकाल देणं फसवं आहे.

शिवाय तुकडा हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. फॉर्मॅलिनच्या बाटलीत शेवईच्या तुटक्या काडीसारखा तो तरंगत असतो. पॅथॉलॉजिस्टला त्यात पुरेसे पोर्टल ट्रॅक्ट, म्हणजे पित्तनलिका आणि रक्तवाहिन्यांचे जुडगे, दिसले पाहिजेत. मानेतून आलेला तुकडा बारीक आणि तुटका असू शकतो. शस्त्रक्रियेत कडेचा पाचरीसारखा काप घेतला तर आवरणालगतच्या तंतूंमुळे आजार आहे त्याहून वाढलेला भासतो. रक्ताचा थेंबही न सांडता काढलेला, पण वाचताच न येणारा तुकडा मी तरी यशस्वी मानणार नाही. पोराला पुन्हा टोचावं लागतं, तो धोका कोणाच्या खात्यावर मांडायचा?

कावीळ न उतरणाऱ्या, पांढरट शी होणाऱ्या तान्ह्या बाळाचं उदाहरण घ्या. पित्तनलिका बंद असल्याचा संशय असतो आणि पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. इथे बरगडीतली सुई झटपट उत्तर देते. पण फार लवकर घेतलेल्या तुकड्यात खुणा उमटलेल्याच नसण्याची शक्यता असते. संशय बळकट असेल तर बाळाला सरळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेऊन, पित्तमार्गाचा फोटो काढून, त्याच भुलीखाली पुढचं काम उरकणंच शहाणपणाचं. पद्धत निवडायची ती घड्याळाकडे बघून.

नीट वाचलेल्या तुकड्यांनी काय घडतं, ते पुण्याने पाहिलं आहे. मुलांचा एक विशिष्ट सिरोसिस आपल्याकडे घरंच्या घरं उजाड करत होता. अशा मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिनने रंगवले की पेशींत साचलेल्या तांब्याचे गडद कण दिसत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या आनंद पंडित आणि शीला भावे यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत बाळांच्या आहाराचा माग काढला आणि 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवलं ते पितळी-तांब्याच्या भांड्यातल्या दुधावर. स्टील घरोघरी आलं आणि हा आजार दुर्मीळ झाला.

आजही विल्सनच्या आजाराची, म्हणजे शरीरात तांबं साचवणाऱ्या आजाराची, शंका असेल तर यकृतातलं तांबं मोजावं लागतं. त्यासाठी जास्तीचा तुकडा आणि तांब्याचा अंशही नसलेली डबी लागते. हे सुई हातात घेण्याआधी ठरलेलं असलं तर एका टोचणीत भागतं. नंतर आठवलं, तर मूल पुन्हा उपाशीपोटी, पुन्हा भुलीखाली.