विवेक : एका शब्दाचे स्थलांतर

बीड जिल्ह्यात विज्ञान पोहोचलेच नाही, असे म्हणता येणार नाही. २००१ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. या घसरणीला सोनोग्राफीचे यंत्र साहाय्यभूत झाले. मग विज्ञानाची बाजू घ्यायची म्हणजे नेमकी कशाची? आपले विज्ञानवादी लेखन यंत्र आणि दृष्टी यांत गल्लत करते, आणि त्याचे विरोधक तर या गल्लतीवरच जगतात. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवली जाते, त्या मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'तील विवेक आत्मा आणि अनात्मा यांत भेद करतो. नरेंद्र दाभोलकरांनी तोच शब्द पुरावा मागणाऱ्या नागरिकाच्या हाती दिला. अर्थाचे हे स्थलांतर मला निर्णायक वाटते. आत्मज्ञान एकट्याने साधता येते. पुरावा मात्र चारचौघांतच मागावा लागतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तोही स्त्री-संघटना व काही जागरूक डॉक्टर यांच्या रेट्यामुळे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. वटहुकूम निघाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर, त्याच आठवड्यात.