मुलाला कोण विचारतो?

शिक्षकी पेशात आम्ही आवडीने आलो, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या आणि उर्दू माध्यमात शिकलेल्या आम्हा तिघींसाठी घरच्यांना मान्य असलेली नोकरी एकच होती. 'टीचर बन जाओ, इज्जत का काम है', एवढ्या एका वाक्यात आमचे भवितव्य ठरले. आम्हाला कोणी विचारले नाही, आणि विचारले नाही याचे आम्हाला तेव्हा वाईटही वाटले नाही. ज्याला विचारले जाण्याची सवयच नसते, त्याला न विचारण्यातला अन्याय दिसत नाही.

बी.एड.ला आम्ही पाठाचे टाचण काढायला शिकलो. त्यात एक रकाना शिक्षककृतीचा आणि दुसरा विद्यार्थिकृतीचा. शिक्षक काय विचारणार ते आम्ही लिहीत असू आणि विद्यार्थी काय उत्तर देणार तेही आम्हीच लिहीत असू. मूल वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याचे उत्तर तयार! पुढे आम्ही मोहल्ल्यातल्या एका खोलीत तीन ते सहा वर्षांच्या वीस-बावीस मुलांसाठी बालवाडी काढली, ती हा दुसरा रकाना कोरा ठेवण्यासाठी. रिकाम्या कांड्या, कापडाचे तुकडे, चिंचोके, वाळू, पाणी, चित्रांची पुस्तके हे सारे मुलांच्या हाताला येईल असे मांडून ठेवायचे. मुलाने यावे, हवे ते उचलावे, मन भरेपर्यंत त्यात रमावे. आम्ही जवळ बसावे, पाहावे, मागितली तर मदत करावी.

आता खरा प्रश्न. बारा तासांची पाळी करून आलेला बाप दारात उभा राहून विचारतो, 'बाजी, खेळायला गल्ली आहे की! त्याची फी कशाला?' शेजारचे पोर एबीसीडी म्हणून दाखवते आणि त्याचे पोर वाळू चाळते. या बापाला अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याचा प्रश्न नीतीचा आहे. श्रीमंताचे मूल मागे पडले तर त्याला शिकवणी आहे, दुसरी शाळा आहे, बापाची ओळख आहे. यंत्रमाग कामगाराच्या मुलाला काय आहे? मग आपली कल्पना दुसऱ्याच्या लेकरावर आजमावण्याचा हक्क आम्हाला कोणी दिला? स्वातंत्र्य ही पोट भरलेल्यांची चैन तर नव्हे?

इतिहास मात्र निराळे सांगतो. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केले. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या आणि 1957 साली तेथून कोसबाडच्या टेकडीवर. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी आणि अनुताई वाघांनी खडे, शिंपले, बिया, पाने आणली आणि शाळाच आदिवासींच्या अंगणात नेऊन बसवली. आपल्या घरांतली बिस्मिल्लाहची रीतही आठवावी. चार वर्षे, चार महिने, चार दिवस पूर्ण झाल्यावर मुलाला पहिले अक्षर द्यायचे, असा रिवाज वाडवडिलांनी घालून दिला. अडीच वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबण्याची घाई त्यांना नव्हती.

पण दाखल्यांनी हक्क मिळत नाही, तो रोज कमवावा लागतो. म्हणून आम्ही स्वतःवर काही बंधने घातली. दार पालकांना सदैव उघडे. प्रत्येक मुलाची वेगळी वही. त्याने काय निवडले, कुठे अडले, काय विचारले, याची नोंद रोज. मुलाने कधी वाचायला लागावे हे त्याच्या गतीवर. पण वाचावे की नाही हे त्याच्यावर सोडलेले नाही. अक्षरांची ओढ लागेल अशी मांडणी करणे हे आमचे काम आहे, आणि ते न करता 'मूल स्वतंत्र आहे' म्हणणे ही निव्वळ कामचुकारी होय. दुसऱ्याला मारण्याची मोकळीकही येथे कोणाला नाही. मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत हाच फरक आहे.

आमच्याकडे येणाऱ्या काही मुली चौथ्या वर्षीच धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरतात. अशा मुलीला 'तुला हवे ते घे' म्हटले तर ती घेत नाही. आमच्या तोंडाकडे पाहत राहते. हुकुमाची वाट पाहते. अशा वेळी तिच्या हातात काहीतरी देऊन टाकावे, असा मोह होतो. तो आवरणे हे आमच्या पेशातले सर्वांत कठीण काम, कारण कोणत्याही टाचणात ते नव्हते. काही दिवसांनी ती हळूच पाण्याच्या घमेल्यापाशी जाते, पेला बुडवते, ओतते, पुन्हा भरते. कोणी सांगितलेले नसते. तिच्या आयुष्यातला तो कदाचित पहिलाच स्वतःचा निर्णय असतो.

त्या बापाला आमचे उत्तर एवढेच की, भाईसाहेब, हुकूम ऐकणे तुमच्या लेकराला दुनिया शिकवीलच. घर शिकवील, कारखाना शिकवील, सासरही शिकवील. पण 'तुला काय वाटते?' हा प्रश्न त्याला कोठे भेटणार? ज्याला हा प्रश्न लहानपणी भेटला, तोच मोठेपणी तो दुसऱ्याला विचारील. आपल्या बायकोला, आपल्या मुलीला, आपल्याहून निराळे मत असलेल्या शेजाऱ्याला. आपल्या समाजाला अक्षरओळखीइतकीच याही ओळखीची गरज आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. सहाव्या वर्षाआधीचे मूल कोर्टात जाऊ शकत नाही, मोर्चा काढू शकत नाही, तक्रारही लिहू शकत नाही. त्याचा सारा हक्क मोठ्या माणसांच्या सचोटीवर उभा असतो. जो दाद मागू शकत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरच आपली तालीम जोखली जावी. बाकी प्रमाणपत्रे आमच्याकडेही आहेत.