सहा गिटारी आणि एक मोती



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतात. हा व्यापारी चांगल्या मोत्यांच्या शोधात होता. एक अत्यंत मोलाचा मोती दृष्टीस पडताच त्याने आपल्याजवळचे सर्व काही विकले आणि तो मोती घेतला. ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातील अडचण आपल्या लक्षातच येत नाही. त्या व्यापाऱ्याने जे विकले ते काही दगडधोंडे नव्हते. तेही चांगलेच असणार. वाईट सोडून चांगले धरावे, हे आपणां सर्वांना समजते. परंतु पुष्कळ चांगल्या गोष्टी सोडून एकच धरायची, येथे माणूस अडखळतो.

गेल्या महिन्यात हाच प्रश्न आमच्यापुढे वेगळ्या रूपात आला. आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मिस्सानंतर भेटायला आले. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, हे लिहीत आहोत. बावीस वर्षे त्यांनी आखाती देशात नोकरी केली. तरुणपणापासून गिटारचे वेड. तिकडे असताना एकेक करीत सहा गिटारी जमल्या. आता भावाभावांत जुने घर वाटले गेले आणि हे पतिपत्नी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले आहेत. पत्नीने स्पष्ट सांगितले, "एक ठेवा. बाकीच्या पाचांसाठी मी काय स्वयंपाकाचा ओटा काढून टाकू?" ते आम्हांला म्हणाले, "फादर, तुम्हीही सेमिनरीत गिटार वाजवत होता. सांगा, कोणती ठेवू?"

आम्ही त्यांच्या घरी गेलो. सहाही गिटारी पलंगावर मांडलेल्या होत्या. एक साधी लाकडी, एक बारा तारांची, दोन भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक, एक पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक आणि शेवटची सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ. भरीवांपैकी एक फार महागाची होती. पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेली. बोलताना त्यांचा हात पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जात होता. अर्धपोकळ मात्र सेकंडहँड होती आणि तिच्या कडेचा रंग उडालेला होता.

आम्ही विचारले, "नव्या घरी काय वाजवणार?" ते म्हणाले, "रविवारी मिस्साला भक्तिगीते, लग्नसराईत मित्रांच्या बँडमध्ये, आणि रात्री एकटाच बसून थोडे जॅझ." आम्ही म्हणालो, "मग उत्तर तुम्हीच दिलेत."

ते कसे, हे सांगायला हवे. पूर्ण पोकळ गिटारचा आवाज गोड असतो. पण अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला की स्पीकरचा आवाज तिच्या पोकळ अंगात शिरून तिला थरथरवतो, तो थरथराट पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि गिटार किंचाळू लागते. आपल्या हॉलमध्ये माईक स्पीकरजवळ नेला की जे होते, तेच. भरीव गिटार सहसा अशी किंचाळत नाही. परंतु वीज नसेल तर ती जवळजवळ मुकीच असते. 1958 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीने ईएस-335 ही गिटार काढली आणि यावर तोड शोधली. मधोमध मेपल लाकडाचा सलग ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ, आणि वर व्हायोलिनसारखी दोन छिद्रे. जाडी जेमतेम पावणेदोन इंच. ठोकळ्यामुळे ती मोठ्या आवाजातही सावरून राहते, पोकळीमुळे आवाजाला ऊब येते. गळ्याकडचा पिकअप लावला तर स्वर गोल व मऊ, खालचा लावला तर धारदार, दोन्ही लावले तर भजनाला साथ देण्याजोगा. रात्री वीज न लावता वाजवली तरी आपल्याला ऐकू येते आणि शेजारी जागे होत नाहीत. लॅरी कार्लटन हे अमेरिकेतील नामवंत स्टुडिओ वादक 1969 सालच्या अशाच एका गिटारमुळे 'मिस्टर 335' म्हणून ओळखले जातात.

ते म्हणाले, "म्हणजे सगळ्यातले थोडे थोडे? एक ना धड, भाराभर चिंध्या?" शंका रास्त होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अ‍ॅरिस्टॉटलचा मध्यममार्ग असाच अर्धवट वाटायचा. गुरुजनांनी समजावले की मध्य म्हणजे अर्धे इकडे व अर्धे तिकडे नव्हे. प्रसंगाला नेमके योग्य ते. या गिटारचेही तसेच आहे. ती अर्धपोकळ आहे, अर्धवट नाही. तिच्या मध्यभागी ठाम काहीतरी आहे, म्हणूनच तिला कडेने मोकळे राहणे परवडते. ज्या माणसाच्या अंतःकरणात प्रार्थनेचा असा ठोकळा आहे, तो सर्वांसाठी मोकळा राहू शकतो. ज्याच्यात तो नाही, तो बाहेरच्या प्रत्येक आवाजाने किंचाळू लागतो.

तरीही खोटे सांगायचे नाही. एक निवडताना नुकसान होते. बारा तारांची ती झुळझुळ या गिटारमध्ये नाही. भरीव गिटारचा तो पातळ, काचेसारखा स्वर नाही. आवाज फारच कर्कश केला तर तीही किंचाळते. आतली वायरिंग बिघडली तर सारे त्या अरुंद छिद्रातून बाहेर ओढून काढावे लागते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तिला जपावेही लागते. मोती घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही घरी परतताना जुने मोती आठवले असतील.

वस्तूंवर जीव जडणे हे काही नवे नाही. सुप्रसिद्ध ब्लूज गायक बी. बी. किंग 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या गावी एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवत होते. दोघा पुरुषांच्या मारामारीत उबेसाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप उलटले व आग लागली. किंग बाहेर पळाले आणि गिटार आत राहिली म्हणून जळत्या हॉलमध्ये परत शिरले. कसेबसे वाचले, दोन माणसे मात्र मेली. भांडण ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाले होते, असे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यांनी गिटारचे नाव ल्युसिल ठेवले. पुढे 2015 साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या गिटारी अनेकदा बदलल्या, आणि ज्या ल्युसिलमुळे जग त्यांना ओळखते ती याच अर्धपोकळ जातीची. वाद्ये आली आणि गेली. नाव व शिकवण टिकली.

एरिक क्लॅप्टन यांनी 1998 साली अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्तीसाठी क्रॉसरोड्स केंद्र स्थापन केले. त्या केंद्रासाठी त्यांनी 1999 साली आपल्या 100 गिटारी लिलावात विकल्या. 2004 साली पुन्हा लिलाव केला, तेव्हा 1960 च्या दशकापासून सोबत असलेली लाल ईएस-335 देखील दिली. तिला 8 लाख 47 हजार 500 डॉलर मिळाले. जे ते स्वतः व्यसनात भोगून आले होते, त्यातून इतरांना बाहेर काढण्यासाठी ते पैसे गेले.

संत इग्नेशियस लोयोला यांची शिकवण येथे उपयोगी पडते. वस्तू आपल्याला ध्येयाकडे नेते तितकीच वापरावी, आड येते तितकी सोडावी. आम्ही त्या गृहस्थांना हेच सांगितले. पण सांगता सांगता आमची जीभ अडखळली. मागील बदलीच्या वेळी आम्ही पुस्तकांची चौदा खोकी बरोबर आणली. त्यांतील नऊ अजून उघडलेली नाहीत. "फादर," ते हसून म्हणाले, "तुमच्या खोक्यांना कोण भेट द्यायला येणार?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

आता काय झाले ते सांगतो. अर्धपोकळ गिटार त्यांनी ठेवली. साधी लाकडी गिटार आपल्या गायनवृंदातील एका मुलाला दिली. तो आजवर उसनी मागून सराव करीत होता. तीन विकल्या. ती महागाची मात्र अजून पलंगाखाली आहे. "थोडा वेळ द्या, फादर," असे ते म्हणतात, आणि आम्ही त्यांना घाई करीत नाही, कारण आमची खोकीही अजून तेथेच आहेत. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत दोघांनीही निकाल लावायचा, असे ठरले आहे. आपण साक्षीदार आहात.

या आठवड्यात आपणही घरातील एक कपाट उघडून पाहा. न वाजणारे वाद्य असेल तर गायनवृंदाच्या खोलीत आणून द्या. आणि आपल्याजवळ जे जे चांगले आहे त्यात आपला मोती कोणता, हे ओळखण्याची दृष्टी व उरलेले हातातून सोडण्याचे बळ प्रभू येशू आपणां सर्वांना देवो. आमेन.

आपले धर्मगुरू