चि. मुक्तास आबांचं पत्र

कारंजा लाड, जि. वाशीम

चि. मुक्ता,

बॅटरीतल्या सिलिकॉनच्या इलेक्ट्रोडनं पुन्हा दगा दिला, आता रात्रभर जागून काम उरकते, असं लिहिलंस, म्हणून लगेच लिहायला बसलो. (पोरी, रात्र जागू नको, पहाटे उठत जा, तुला लहानपणापासून सवय आहे.) तुझ्या मेहनतीची मला कधीच काळजी नव्हती, काळजी वाटते ती घाईची.

एक ग्रॅम ग्रॅफाइट 372 मिलिअँपिअर-तास साठवतं आणि सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट, हे खरं. पण तेवढं लिथियम पोटात घेताना ते फुगून चौपट होतं, मग आक्रसतं, तडकतं, आणि प्रत्येक नव्या भेगेवर नवा थर धरण्यात आणखी लिथियम खर्ची पडतं. म्हणून तर सेलचं पहिलं चार्जिंग अगदी थोड्या करंटवर करतात ना? विरजण लावल्यावर आजी भांड्याला हात लावू देत नसे, तसंच ते. पहिल्या चार्जिंगमध्ये धरणारा तो पातळ थर शांतपणे बसू दे.

घाईचं म्हणशील तर, जॉन गुडइनफ यांचं बॅटरीसाठीच्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवरचं काम 1980चं, तेव्हाच ते साठीकडे झुकलेले. सोनीची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली 1991 साली, आणि गुडइनफना नोबेल मिळालं 2019 मध्ये, वयाच्या 97व्या वर्षी. तुझ्यापाशी तर केवढा वेळ आहे, बेटा.

आणि काटकसर शिकायला तुला लांब जायला नको. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं कडुलिंबाची गळलेली पानं भट्टीत तापवून सुपरकपॅसिटरसाठी कार्बन केला. 2013 साली तो निबंध छापून आला. तेव्हापासून आपल्याकडे कापूस निघाल्यावर धुऱ्यावर पेटवलेली पऱ्हाटी दिसली, की जीव हळहळतो. लिथियमऐवजी सोडियम वापरायचं, तर ते ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही, त्याला हार्ड कार्बन लागतो, आणि तो शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही करता येतो. पुण्याच्या केपीआयटीनं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र 2023च्या डिसेंबरात जाहीर केलं, तेव्हा ही वाट काही स्वप्नातली राहिलेली नाही.

तू येशील तेव्हा पऱ्हाटीची एक मोळी वाळवून, बांधून ठेवतो. घेऊन जा आणि सवडीनं तिचा कार्बन करून बघ. तोवर लावलेला सेल मध्येच उघडू नकोस, त्याची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं पुरी होऊ दे, आणि क्षमतेचा रोजचा आकडा रोज वहीत लिही, वाईट असला तरी.

तुझा,
आबा