योगक्षेम : गावाच्या प्रगतीतला विसरलेला अर्धा शब्द



‘योगक्षेम’ हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. विम्याच्या कागदपत्रांवर, एलआयसीच्या बोधचिन्हाखाली तो छापलेला असतो. मुळात तो गीतेच्या नवव्या अध्यायातला, बाविसाव्या श्लोकातला. आचार्यांनी त्याचा अर्थ अगदी सरळ सांगितला आहे. जे अजून मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे ते राखणे म्हणजे क्षेम. अनन्यभावाने माझे चिंतन करणाऱ्यांचा हा दोन्हींचा भार मी स्वतः वाहतो, असे भगवंत सांगतात.

या श्लोकाची एक कथा कीर्तनात नेहमी ऐकायला मिळते. एका गरीब पंडिताला वाटले, देव कशाला कुणाचे ओझे वाहील? त्याने पोथीतल्या ‘वाहतो’ या शब्दावर काट मारली. तो भिक्षेला गेला असताना एक सावळा मुलगा डोक्यावर शिध्याचे ओझे घेऊन त्याच्या घरी आला. मुलाच्या अंगावर ताजा ओरखडा होता. पंडिताने पोथीत ओढलेली रेघ तिथे उमटली होती.

ही कथा आठवली की मला सर्जापूर रोड आठवतो.

बेंगळुरूच्या आग्नेयेला जाणारा हा रस्ता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना आयटी कंपन्या आणि उंच गृहसंकुले आहेत, आणि त्या संकुलांमध्ये आपली अनेक मराठी कुटुंबेही राहतात. पण पत्त्यातली नावे अजून गावांचीच आहेत : कैकोंडरहळ्ळी, कसवनहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र. इथे नाचणीची शेते होती. गावागावाला तळे होते. एक तळे भरले की त्याचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात जाई. या कालव्यांना तिथे ‘राजकालुवे’ म्हणतात. पाणी कुणाच्या शेताला किती आणि केव्हा सोडायचे हे पाहणारा ‘नीरगंटी’ गावाने नेमलेला असे. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली, त्यांच्याकडे पदवी नव्हती. तरी ते त्या काळातले मोठे नवसंशोधनच होते.

मग नवा योग आला. नोकऱ्या आल्या, जमिनींना भाव आला, मुले शिकली. यात वाईट काहीच नाही. मात्र त्या शब्दातल्या ‘क्षेम’वर काट मारली गेली. कालवे बुजले किंवा सांडपाण्याचे नाले झाले. याच भागातल्या बेळंदूर तळ्यात शहराचे सांडपाणी प्रक्रियेविना येत राहिले. 2015 साली तळ्याचा पांढरा फेस रस्त्यावर उडत होता आणि त्याच वर्षी पाण्याने पेट घेतला. 2017 मध्ये पुन्हा आग लागली. 2018 च्या जानेवारीतली आग विझवायला लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. पाण्याला आग! रेघ पोथीवर ओढली, ओरखडा कुठे उठला ते आपण पाहिले. 2024 च्या उन्हाळ्यात इथल्या अनेक संकुलांच्या बोअर आटल्या आणि लाखो रुपये पगार घेणारी माणसे टँकरची वाट पाहत उभी राहिली.

यावर कुणी म्हणेल, म्हणून गावात उद्योग नकोच. हे मला मान्य नाही. खेडे जपायचे म्हणजे तिथली माणसे गरीब ठेवायची, असे नव्हे. स्वतः शहरात राहून गावाने मात्र साधे राहावे असे म्हणणे, ही भक्ती नव्हे. आपण सुट्टीत जाऊन फोटो काढावेत यासाठी कुणी कुडाच्या घरात राहू नये. शिवाय उद्योग आणि गाव यांचे वैर नाही, याचा पुरावा याच रस्त्यावर आहे. दोड्डकन्नेल्लीला ज्या विप्रोचे मुख्यालय आहे, तिचा जन्म आपल्या खानदेशातला. 1945 साली अमळनेरला शेंगदाण्याच्या पट्ट्यात तेलाचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे मूळ नाव. शेतमाल पिकतो तिथेच त्यावर प्रक्रिया करायची, हा विचार एका तालुक्याच्या गावी ऐंशी वर्षांपूर्वी झाला होता. आज आपण ज्याला ग्रामीण उद्योजकता म्हणतो, ती हीच.

प्रश्न उरतो क्षेमाचा. त्याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दिले आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळाने आणि दारूने खंगलेले होते. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, श्रमदानाने पाणी अडवले. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे संशोधन म्हणजे पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत हिशेब मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही, हेही गावानेच ठरवले. गाव गरीब राहिले का? उलट दूध वाढले, उत्पन्न वाढले, शहरात गेलेली कुटुंबे परत आली.

कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की भांडवल मोडून आलेला पैसा नफ्यात धरायचा नसतो. यंत्राचासुद्धा दरवर्षी घसारा लिहावा लागतो. मग विहिरीचा घसारा कोण लिहितो? बोअर मारली, डाळिंब निघाले, पैसा आला, सगळे म्हणाले प्रगती झाली. पाणी शंभर फूट खाली गेले, ते कोणत्याच वहीत नाही. म्हणूनच नवे यंत्र आले की क्षेम आपोआप साधतो, असेही नाही. ठिबकने झाडामागे पाणी वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर विहिरीला काय उरले? रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ठिबक सर्वत्र आहे, तरी भूजल खोल गेले आहे. सौरपंपाला वीजबिल नाही, त्यामुळे उपसा थांबवणारेही काही नाही. यंत्र योग देते. क्षेम माणसांना एकत्र बसून ठरवावा लागतो.

मग भगवंत भार वाहतो त्याचे काय, असे आपल्या मनात येईल. तिसऱ्या अध्यायात त्यांनीच चक्र सांगितले आहे : अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. जो हे चक्र पुढे फिरवत नाही तो व्यर्थ जगतो, आणि जो दिलेले परत न करता भोगतो त्याला तिथे चोर म्हटले आहे. भगवंत वाहतो ते आपले हात घेऊनच. कैकोंडरहळ्ळीचे मरू घातलेले तळे महापालिका आणि रहिवासी एकत्र आल्याने पुन्हा भरले. सकाळी तिथे पक्षी असतात. भोवतीच्या जुन्या गावांतली माणसे जनावरांसाठी तिथले गवत कापून नेतात. तेच हे वाहणे.

आता थोडे आपल्याविषयी. सर्जापूर रोडवर, हिंजवडीत किंवा परदेशात राहणारे आपल्यातले अनेकजण दर महिन्याला गावी पैसे पाठवतात. त्या पैशातून नवी बोअर होते, शेततळे होते, भावाचा डेअरीचा किंवा मसाल्याचा व्यवसाय उभा राहतो. हे पाठवणे पुण्यच आहे. पण आपल्याच पैशाने आपल्याच गावाचा सर्जापूर रोड होतो आहे का, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे. सत्संगाच्या निमित्ताने गावातल्या चारजणांना एकत्र बसवणे आपल्याला शक्य आहे. पुढची बोअर घ्यायच्या आधी मागच्या तीन वर्षांची पाणीपातळी मांडा, एवढेच सुचवावे. प्रक्रिया उद्योग काढणाऱ्या भावाला भांडवलाबरोबर हेही विचारावे, की सांडपाणी कुठे जाणार?

अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खानदेशात पितरांसाठी पाण्याने घागर भरतात. वैशाखातला तो दिवस, विहिरी तळाला गेलेल्या असतात. यंदा गावी गेलात तर घागर भरण्याआधी विहिरीत एकदा दोर सोडा, पाणी किती हात खाली आहे ते मोजा आणि घराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या आखाजीला त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचा आहे.