कोण पुढे, कोण मागे

ग्रीक आणि रोमन पुराणांतल्या प्रेमकथांचा विषय निघाला, की ऑर्फियस आणि युरिडिसी यांचे नाव येतेच. लग्नानंतर लगेच युरिडिसी सर्पदंशाने मरते. ऑर्फियस आपले लायर हे तंतुवाद्य घेऊन पाताळात उतरतो आणि असे गातो, की मृतांचा राजाही द्रवतो. तिला परत नेण्याची परवानगी मिळते, पण वरच्या उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, या अटीवर. शेवटच्या टप्प्यावर ऑर्फियस वळतो आणि ती कायमची जाते. तो का वळला, यावर दोन हजार वर्षे चर्चा चालली आहे. पण या प्रश्नात सगळे लक्ष त्याच्याकडे जाते आणि मागून चालणारी बाई नजरेआड होते. प्रेमकथा म्हणून या कथेचे मोल ठरवायचे, तर तिच्या बाजूने पाहायला हवे.

इ.स.पू. २९च्या सुमारास व्हर्जिलने ही कथा सांगितली ती ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्यात. त्याच्या चौथ्या, मधमाश्यांवरच्या भागात अ‍ॅरिस्टियस नावाच्या मधपाळाच्या सगळ्या माश्या मरतात. कारण विचारायला तो प्रोटियस या समुद्रदेवाकडे जातो, तेव्हा त्याला कळते की हे त्याच्याच कर्माचे फळ आहे. तो युरिडिसीच्या मागे लागला होता. त्याच्यापासून पळतानाच तिचा पाय सापावर पडला. म्हणजे या थोर प्रेमकथेच्या मुळाशी एका पुरुषाने एका स्त्रीचा केलेला पाठलाग आहे. व्हर्जिलची युरिडिसी गप्पही बसत नाही. ऑर्फियस वळताच ती त्याला त्याच्या वेडाबद्दल दोष देते.

पुढे इ.स. ८च्या सुमारास ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये हीच कथा घेतली आणि अ‍ॅरिस्टियसला वगळून टाकले. त्याची युरिडिसी सख्यांबरोबर गवतातून चालताना मरते आणि दुसऱ्यांदा जाताना जेमतेम निरोपाचा शब्द उच्चारते. तिची काही तक्रार नाही, हे कवीच परस्पर सांगून टाकतो. मात्र ओव्हिडने एक तपशील जपला आहे: पाताळात तिला बोलावले जाते तेव्हा ती पायाच्या जखमेमुळे हळूहळू चालत येते.

हा तपशील ध्यानात घेतला, की अटीचा खरा अर्थ उलगडतो. पायाला जखम झालेली स्त्री मागून चढणीची वाट चढते आहे. पुढे चालणाऱ्या नवऱ्याने तिच्याकडे पाहायचे नाही, ती थकली का, मागे पडली का, याचा अंदाज घ्यायचा नाही. ओव्हिड सांगतो, की ती कोलमडेल या भीतीने आणि तिला पाहण्याच्या ओढीने तो वळला. त्या वळण्याला अधीरपणा म्हणण्याची प्रथा आहे. मला तो या सगळ्या प्रवासातला सर्वांत माणुसकीचा क्षण वाटतो. दोष अटीतच आहे. सोबतीला निघालेल्या दोघांना ती नेणारा आणि नेली जाणारी करून टाकते.

१७६२ साली व्हिएन्नात रंगमंचावर आलेल्या ग्लुकच्या संगीतिकेत अट आणखी कडक आहे. न पाहण्याचे कारणही ऑर्फियसने सांगायचे नाही. मग तो आपल्याकडे पाहतसुद्धा नाही, याचा युरिडिसी स्वाभाविकपणे एकच अर्थ लावते, की याचे प्रेम आटले. तिच्या व्याकूळ प्रश्नांपुढे त्याचा निश्चय टिकत नाही. विश्वास ठेवायचा, पण बोलायचे नाही, हे दोन माणसांमध्ये शक्य नसते. ग्लुकने शेवटी प्रेमदेवतेकरवी तिला जिवंत करून शेवट गोड केला, तरी हे सत्य त्याच्या संगीतिकेत उरतेच.

प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये फीड्रस वेगळाच आक्षेप घेतो. ऑर्फियस भित्रा होता, अल्सेस्टिससारखे प्रेमासाठी मरण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते, म्हणून देवांनी त्याला पत्नीची नुसती छाया दाखवली, असे तो म्हणतो. अल्सेस्टिसने पतीच्या जागी स्वतः मरण पत्करले होते. प्रेमाची कसोटी म्हणजे आत्मबलिदान, हा या आक्षेपाचा गाभा. मराठी वाचकाला इथे महाभारताच्या आदिपर्वातला रुरू आठवेल. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा अशीच सापावर पाय पडून मरते आणि तो स्वतःचे अर्धे आयुष्य देऊन तिला उठवतो. केंब्रिजमध्ये ग्रीक आणि लॅटिन शिकून आलेल्या अरविंद घोषांनी १८९९ साली बडोद्यात ‘लव्ह अँड डेथ’ या इंग्रजी काव्यात हीच कथा सांगितली आणि रुरूला थेट पाताळात उतरवले. रुरू आपल्या आयुष्याचा वाटा देतो, म्हणून त्याचे प्रेम ऑर्फियसच्या गाण्यापेक्षा मला अधिक भरीव वाटते. तरीही प्रमद्वरेला परत यायचे आहे का, हे तिथेही कोणी विचारत नाही.

प्राचीन कथांवर आजची मोजमापे लादू नयेत, असे यावर म्हटले जाईल. पण हा प्रश्न त्या कथांमध्येच आहे. व्हर्जिलने युरिडिसीला वाचा दिली होती. ओव्हिडच्या पहिल्याच भागात अपोलोपासून पळणारी डॅफ्नी लॉरेलचे झाड होते. तो त्या झाडाला आपले म्हणतो तेव्हा शेंडा हलतो आणि मान डोलावल्यासारखा दिसतो. तो होकार होता, असे ओव्हिड ठामपणे म्हणत नाही. शंका त्याने जाणूनबुजून शिल्लक ठेवली आहे. आधुनिक लेखकांनी तीच पुढे नेली. १९१७ सालच्या एच. डी. यांच्या कवितेतली युरिडिसी ऑर्फियसच्या उद्दामपणावर संतापते. सेलिन सियामाच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ या २०१९च्या चित्रपटात तिघी जणी ओव्हिड वाचतात आणि त्यांच्यातली एक सुचवते, की कदाचित युरिडिसीनेच त्याला वळायला सांगितले असेल.

आणि खुद्द ओव्हिडची कथाही त्या वळण्याशी संपत नाही. अकराव्या भागात ऑर्फियस मारला जातो, पाताळात येतो आणि युरिडिसीला शोधून काढतो. आता तिथे दोघे कधी बरोबरीने चालतात, कधी ती पुढे असते, कधी तो. मागे वळून तिच्याकडे पाहायला त्याला भय उरलेले नाही.

ही जोडी आपण विरहासाठी लक्षात ठेवली आणि हा शेवट विसरलो, हे आपल्या प्रेमकल्पनेबद्दल बरेच सांगून जाते. पराक्रम, अट, परीक्षा आणि वियोग यांत आपल्याला प्रेमाची उंची दिसते. ज्या अवस्थेत दोघांपैकी कोणीही पुढे व्हावे आणि कोणीही कोणाकडे पाहावे, तिच्यात कथा उरत नाही, असे आपण धरून चालतो. ओव्हिडला मात्र ती सांगण्याजोगी वाटली. मृत्यूवर मात करणारे प्रेम त्याने दाखवले ते इथे, कोणतीही अट नसलेल्या चालण्यात. ते मरणानंतरच का शक्य व्हावे, हा प्रश्न जिवंत माणसांनी स्वतःला विचारायचा आहे.