समुद्रयान आणि शिदोरी

जळगाव-धुळ्याहून समुद्र लांब. तरी मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस विचारतंच: समुद्रप्रवास शास्त्राला चालतो का? बौधायन धर्मसूत्राने तो पातकांत घातला, हे खरं. पण तेच सूत्र समुद्रयान हा उत्तरेकडच्यांचा आचार म्हणूनही सांगतं; म्हणजे माणसं जात होतीच. जळगावपासून साठेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्यावर मडकी ओळीने मांडलेली दिसतात. दूरच्या प्रवासाची तयारी आपल्या चित्रकारांना नवखी नव्हती.

माझ्या मते निषेधामागे दोन भीती होत्या: नित्यनेम सुटण्याची आणि परक्याच्या स्पर्शाची. पहिलीवर उपाय आहे. १८८८ मध्ये गांधीजी विलायतेला निघाले तेव्हा जातीने त्यांना बहिष्कृत केलं. आईने मात्र मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याचं वचन घेऊन निरोप दिला. परतल्यावर नाशिकला शुद्धिस्नान झालं, पण त्यांना सांभाळलं ते आधीच्या वचनाने. कुणी म्हणेल, ते शिक्षणासाठी गेले; इथे तर निव्वळ मौज, वर बार आणि कॅसिनो. म्हणूनच बॅग भरताना उलटीच्या गोळ्यांबरोबर एकादशीचं काय, जेवण कोणतं, पैसे कशावर उडवायचे नाहीत, हे घरीच ठरवावं. मौज हे पाप नव्हे. दुसऱ्या भीतीला मात्र तडजोडही नको. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो, हा विचार बंदरावरच काय, गावातही टाकून द्यायला हवा.